अंगठ्यानं दिलेली माफी

किणीचा टोलनाका मागे पडला की माझी भाषा बदलते. पुण्यात मी 'येते, जाते' म्हणणारी बाई. नाका ओलांडला की 'येतो, जातो' सुरू. आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझा नवरा नागपूरचा. त्याला सोळा वर्षांत याची सवय झालेली नाही, पण ते त्याचं त्यानं बघावं.

दुसरी खोड मात्र नाका ओलांडला तरी जात नाही. मी एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करते. माणूस खरंच घसरून पडला का, तेव्हा तो कुठं होता, त्याच्या पायात काय होतं, हे शोधून काढायचा मला पगार मिळतो. पगार नसता तरी मी तेच केलं असतं. शेजारणीच्या दारात नवी चप्पल दिसली तरी मला चैन पडत नाही. घरात मला 'चौकशी खिडकी' म्हणतात, आणि म्हणोत.

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी एकटी गाडी चालवत कोल्हापूरच्या राजारामपुरीत पोचले. संयोगिताच्या घरी दोन दिवस राहायचं होतं. संयोगिता, त्रिशला आणि मी अकरावी-बारावीला एकाच बाकावर होतो. संयोगिता आता गणिताचे क्लास घेते. खाली क्लास, वर घर. तिनं नवरा आणि पोरं मुरगूडला सासरी पिटाळली होती आणि दारावर 'रविवारपर्यंत क्लास बंद' अशी पाटी लावली होती. फोनवर आमचं बोलणं व्हायचं, पण तिघींनी एका छपराखाली दोन दिवस काढायचा योग पंचवीस वर्षांनी आला होता.

"आलीस व्हय! मला वाटलं साताऱ्यात कुणाच्या तरी भांडणात चौकशीला उतरलीस," संयोगिता जिन्यातूनच ओरडली. गल्लीतल्या चार माणसांनी वर बघितलं. ती हळू बोलायचं शिकलेलीच नाही.

त्रिशला दहा मिनिटांत आली. ती पॅथॉलॉजीची डॉक्टर, दोन गल्ल्या पलीकडे तिची लॅब. कॉलेजात होती तशीच आहे, बारीक, मोजकं बोलणारी. ती जैन, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा तोंडात घालत नाही. म्हणून संयोगितानं दोन दिवसांचं सगळं खाणं साडेसहाच्या आत बसवलं होतं आणि तसं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं होतं. सकाळी नऊ, मिसळ. त्यापुढे लाल पेनानं 'घरची' असं लिहिलेलं.

मिसळ खाता खाता वर्गातल्या एकेकाची उजळणी झाली. धैर्यशील म्हणून आमच्या वर्गात होता, तो आणि त्याचा धाकटा भाऊ एका बांधावरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत, असं संयोगितानं सांगितलं.

त्यावर त्रिशला माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सगळी आमच्या अंजूसारखी नसतात. हिनं मला जसं माफ केलं, तसं हिच्या जागी मी असतो तर मला जमलं नसतं."

आणि तिचे डोळे भरून आले.

माझ्या तोंडात घास होता. तिनं कशाबद्दल माफी मागितली होती आणि मी कधी दिली होती, याचा मला पत्ताच नव्हता. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी असताना 'म्हणजे काय?' असं विचारणं मला जमलं नाही. मी घास गिळला आणि म्हणाले, "जाऊ दे गं. काय ते धरून बसायचं."

"कशाची माफी?" संयोगितानं विचारलं.

"ते आमच्या दोघींतलं हाय," त्रिशला म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "क्षमावाणीच्या दिवशी मी मेसेज टाकला, आणि त्याच मिनिटाला तुझा अंगठा आला. एक मिनिटसुद्धा इचार केला न्हाईस. त्या दिवशी मी पोटभर जेवलो."

मी मोठ्या मनाच्या बाईसारखी मान हलवली.

क्षमावाणी म्हणजे काय ते मला माहीत होतं. जैनांचं भाद्रपदातलं दशलक्षण पर्व संपलं की ती माणसं एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणतात. वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ करा. पूर्वी घरोघर जाऊन म्हणायची, आता जोडीला मेसेजही असतो. मला कोल्हापुरातून दरवर्षी दहा-अकरा तरी येतात. त्रिशलाचा, माझ्या जुन्या दातांच्या डॉक्टरांचा, आमच्या शाळेतल्या अण्णासो मास्तरांचा. मजकूर साधारण सारखाच. मी एकापाठोपाठ एक अंगठा दाबत जाते. शुभ सकाळला जसा दाबते तसाच. त्या अंगठ्यांतल्या एकानं मी खरोखरच्या गुन्ह्याला माफी देऊन बसले होते, आणि गुन्हा मला ठाऊक नव्हता.

त्रिशला लॅबला गेल्यावर मी फोन उपसला. मागच्या दिवाळीला फोन बदलला होता, आणि जुनं सगळं नव्यात आलं नव्हतं. तिचे माझ्याकडचे मेसेज गेल्या नोव्हेंबरपासूनचे. त्याआधीचं काही नाही.

"मग सरळ इचार की तिला," संयोगिता भांडी आवरत म्हणाली. मी तिला सगळं सांगून टाकलं होतं. मला पोटात ठेवता येत नाही.

"काय इचारू? मी तुला कशाबद्दल माफ केलंय, तेवढं सांग, असं?"

संयोगितानं हातातला झारा खाली ठेवला आणि हसून हसून ओट्याला टेकली. मला मात्र हसू येईना. मी वही-पेन घेऊन बसले. ही माझी कामाची पद्धत आहे. वहीवर लिहिलं, त्रिशलानं माझं काय काय वाईट केलं असू शकतं.

संयोगितानं पहिली शंका काढली ती जर्नलची. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी माझं जीवशास्त्राचं जर्नल हरवलं होतं. पण ते पुढे माझ्याच दप्तरात सापडलं होतं. दुसरी शंका माझी. अमरेश म्हणून निपाणीचा एक मुलगा मला बघायला दोनदा आला होता. दुसऱ्यांदा तर त्याच्या आईनं माझ्या हातचा शिरा दोन वेळा मागून घेतला होता. मग एकाएकी नकार आला. त्या अमरेशची आतेबहीण त्रिशलाच्या मेडिकल कॉलेजात होती.

"तिनंच काहीतरी सांगितलं आसंल त्या आतेबहिणीला," मी म्हणाले.

"काय सांगितलं आसंल? लई चौकशा करती म्हणून? ते त्येला दोन भेटीत कळलं आसंल की," संयोगिता म्हणाली.

मला अमरेश नको होता. तेव्हाही फारसा नको होता. पण दुपारपर्यंत मी त्याच्यावरून त्रिशलावर चांगली चिडले. एरवी आधी कारण मिळतं आणि मग राग येतो. इथे राग तयार होता आणि मी कारण शोधत होते. संयोगिता म्हणाली, "आगं, माफ केलंस न्हवं? मग आता कशाला उकरतीस?" तिचं बरोबर होतं. पण मी काय माफ केलंय हे मला कळायलाच हवं होतं. माझ्या सहीनं कुठला कागद पास झाला हे न बघता मला झोप लागत नाही.

चार वाजता मी त्रिशलाच्या लॅबमध्ये गेले. शनिवारी दुपारी पेशंट नसतात. रिपोर्टवर सह्या करत ती आतल्या छोट्या खोलीत बसली होती. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक. तिनं सह्या बाजूला सारल्या.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माणसाला प्रश्न विचारायचा नाही. 'तेवढं परत एकदा सांगा' म्हणायचं आणि गप्प बसायचं. माणूस आपोआप सगळं सांगतो. पाचशे माणसांवर मी ही रीत चालवली आहे. मैत्रिणीवर पहिल्यांदा चालवली.

"त्रिशला, सकाळी तू बोललीस न्हवं, ते परत एकदा सांग. तुझ्या तोंडानं ऐकायचं हाय मला."

ती म्हणाली, "खरं सांगू? मला बी कवापासनं बोलायचं हुतं. लिहिलं तेवढंच. समोर बसून कवा बोललोच न्हाय आपण."

तिनं माझ्या खुर्चीकडे बघितलं.

"तू बसलीयास न्हवं, त्याच खुर्चीवर बसल्या हुत्या काकू."

काकू म्हणजे उचगावात राहणारी माझी आई, रत्नव्वा. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. तिला जाऊन सात वर्षं झाली.

"मार्चमधली गोष्ट. उचगावातनं एकट्याच बसनं आल्या. पोटात दुखतंय म्हटल्या. मी तपासण्या केल्या, मग ओळखीच्या डॉक्टरकडं पाठवलं, गाठीचा तुकडा तपासायला माझ्याकडंच आला. मीच बघितला. या सूक्ष्मदर्शकाखाली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि पसरलेला. मी त्यांना म्हटलं, अंजूला फोन करतो. त्यांनी माझा हात धरला. म्हटल्या, 'तिला कळलं तर ती पोट धरून गाडीत बसंल.' तुला सहावा महिना हुता. डॉक्टरनी अंथरुणातनं उठू नको म्हणून सांगितलेलं. आधीचे दोन गेलेले. मला शपथ घातली."

त्या महिन्यांत मी रोज त्रिशलाला फोन करत होते. अव्वाचा आवाज थकल्यासारखा वाटतोय, जरा जाऊन बघून ये, असं दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली होती, अगं, ठणठणीत आहेत.

"तेवढं तर मी सहन केलं असतं," त्रिशला म्हणाली. "पेशंटचा शब्द म्हणून. पण काकूंच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी..."

तो दिवस मला सांगायची गरज नव्हती. माझी लेक नऊ दिवसांची होती, पोटावरचे टाके ओले होते. मी पोचले तेव्हा अव्वाची माती होऊन गेली होती. शेवटचे दोन दिवस तिला दवाखान्यात नेलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजार चार महिन्यांचा तरी आहे. माझा थोरला भाऊ शिवकुमार, आमचा अण्णा, उचगावात अव्वाजवळ राहून दुकान चालवत होता. त्याला मी सगळ्या पाहुण्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, एका घरात राहून तुला कळलं नाही? चार महिने? तो म्हणाला, "न्हाय गं, मला माहीत न्हवतं." मी म्हणाले, खोटं बोलतोस. दुकानाचा धंदा बुडंल म्हणून तू तिला मरू दिलंस. हे माझे शब्द. मी ते विसरलेले नाही, कारण मला ते खरे वाटत होते. त्यानंतर मी त्याच्या दारात गेले नाही, त्याचा फोन उचलला नाही. वर्षभरानं तो फोन करायचा थांबला.

"मी स्वयंपाकघराच्या दारात उभी हुतो," त्रिशला सांगत होती. "एक वाक्य बोलायचं हुतं. त्याला माहीत न्हाय, मला माहीत हाय. तेवढंच. मी तोंड उघडलं न्हाय. तुझी भीती वाटली. मग दोन महिन्यांनी क्षमावाणीला सगळं लिहिलं. आणि तू... त्याच मिनिटाला..."

"त्रिशला," मी म्हणाले, "मी वाचलं न्हाय."

तिला कळलं नाही.

"मी तो मेसेज वाचलाच न्हाय. पहिल्या दोन ओळी बघितल्या आणि अंगठा दाबला. सगळ्यांना दाबतो तसा."

तिनं फोन उघडला, खाली खाली गेली आणि माझ्यासमोर धरला. तिनं तो मेसेज सात वर्षं जपून ठेवला होता. पहिल्या दोन ओळी नेहमीच्याच: 'उत्तम क्षमा. जाणता-अजाणता माझ्याकडून आपले मन दुखावले असल्यास...' त्याखाली 'पुढे वाचा'. मी वाचलं.

'अंजू, वरचं सगळ्यांना पाठवलं आहे. हे फक्त तुला. काकूंचा रिपोर्ट मी केला होता. मला मार्चपासून माहीत होतं. तुझ्या बाळासाठी त्यांनी मला गप्प बसवलं आणि मी बसले. फोनवर तुझ्याशी खोटं बोलले. पण त्याहून मोठी चूक त्या दिवशी केली. तू शिवाअण्णांना बोललीस तेव्हा मी तिथे होते. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही. मला क्षमा करता आली तर कर, नाही आली तर तसं सांग, पण त्यांना आधी फोन कर.'

खाली माझा पिवळा अंगठा. मेसेज सात वाजून बारा मिनिटांनी, अंगठाही सात वाजून बारा मिनिटांनी.

मी रोज तीस-तीस पानांचे कागद ओळ न् ओळ वाचते. स्वल्पविराम चुकला तरी मला दिसतो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदावर मी न वाचता सही केली होती. मला त्रिशलाचा राग आला, भयंकर आला. अव्वाचा आला. पण सगळ्यात जास्त लाज वाटली, आणि लाज रागापेक्षा वाईट असते, ती दुसऱ्या कुणावर काढता येत नाही.

"सात वर्षांत एकदा तरी इचारायचंस, अण्णाशी बोललीस का म्हणून!" मी ओरडले.

"तुला इचारायची छाती झाली न्हाय. त्यांना इचारलं. त्यांच्या सासूबाईंचं रक्त तपासायला दोन-तीनदा आल्ते. मी म्हटलं, अंजू कशी हाय? म्हटले, 'बरी हाय की. परवाच फोन झाला.'"

मी उठले आणि बाहेर पडले. राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्या सरळ आणि सारख्याच, एका आकड्याची गल्ली संपली की पुढच्या आकड्याची. मी किती गल्ल्या चालले ठाऊक नाही. क्लासला जाणारी पोरं, दवाखान्यांच्या पाट्या, रिक्षावाल्यांची हाळी, सगळं चालू होतं. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. परवाच फोन झाला. माझ्या भावानं माझी अब्रू झाकायला लोकांना खोटं सांगितलं होतं आणि मी त्याला खोटारडा ठरवून बसले होते.

घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. संयोगितानं माझ्या तोंडाकडे बघून ताट समोर ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. एकदाही ओरडली नाही. शेवटी म्हणाली, "त्रिशलाचं काय करायचं ते नंतर बघ. उद्या सकाळी उचगावला जा."

"त्यानं दार उघडलं न्हाय तर?"

"मग बाहेर उभी रहा. तुला काय, चौकशी करायची सवय हाय."

रविवारी सकाळी आठला मी खाली उतरले तर त्रिशला माझ्या गाडीपाशी उभी होती. डोळे सुजलेले. तिनं विचारलं, "मी येऊ?"

"तुला माफ केलंय का न्हाय, ते मला ठाऊक न्हाय," मी म्हणाले. "पण बस गाडीत."

उचगावात अण्णाचं नट-बोल्टचं दुकान. रविवारीही उघडं असतं, आसपासच्या कारखान्यांतली माणसं सुट्टीच्या दिवशीच सामान न्यायला येतात. दुकान वाढलं होतं, शेजारचा गाळाही घेतलेला दिसला. अण्णा काउंटरमागे बोल्ट वजनावर टाकत होता. केस सगळे पांढरे. त्यानं मान वर केली, मला बघितलं. त्याचा हात वजनकाट्यावरच राहिला.

"या," तो म्हणाला. "बसा."

माझा सख्खा भाऊ मला 'या, बसा' म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान तोंड फिरवेल. त्यासाठी माझी तयारी होती, याच्यासाठी नव्हती. काउंटरवरचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणालं, "पावणं लांबनं आल्यात वाटतं." अण्णानं त्याला बोल्टाची पिशवी दिली आणि वाटेला लावलं.

मी गाडीत सगळं मनात जुळवून आणलं होतं. आधी कुठून सुरुवात, मग काय. त्यातलं काही आठवलं नाही. मी काउंटर धरला आणि म्हणाले, "अण्णा, तुला माहीत न्हवतं. मला काल कळलं. मी तुला मातीला आलेल्या माणसांसमोर काय बोललो ते... मी चुकलो."

अण्णा खाली बघत होता. काउंटरवर सांडलेले वॉशर त्यानं एकेक करून डब्यात टाकले. सगळे टाकून झाल्यावर म्हणाला, "तू काय खोटं बोलली न्हाईस अंजू."

"खोटंच हुतं ते!"

"एका घरात राहून कळलं न्हाय म्हटलीस. खरं हाय की. मला कुठं कळलं? सात वर्षं तेच डोस्क्यात हाय. सकाळ-संध्याकाळ एका ताटाला बसायचो. ती जेवत न्हवती, म्हटली उन्हाळा हाय. साडी ढिली व्हायला लागली, म्हटली वय झालं. आणि मी ऐकून घेतलं. मी तुझ्यावर रागवलो न्हवतो. मला वाटायचं, तू बोललीस त्येच बरोबर. म्हणून फोन करायचा सोडला. कुठल्या तोंडानं करायचा?"

मी इतकी वर्षं समजत होते की मी त्याला शिक्षा देतेय आणि तो ती निर्लज्जपणे टाळतोय. त्यानं ती मान खाली घालून घेतली होती. माझं एक खोटं वाक्य त्याला खरं वाटलं होतं, आणि मी 'चुकलो' म्हणून ते खोडलं जात नव्हतं. माझ्या शब्दाला आता काही किंमत नव्हती.

तेव्हा माझ्या मागून त्रिशला पुढे आली. ती दुकानाच्या पायरीवरच थांबली होती.

"शिवाअण्णा," ती म्हणाली, "काकूंचा रिपोर्ट माझ्याकडं हुता. सुरुवातीपासनं. त्यांनी घरी न्हेलाच न्हाय."

अण्णानं तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. त्यानं विचारलं, "अव्वा तिथं कशी आल्ती?"

"बसनं."

"एकटीच?"

"एकट्याच. बाजाराला जातो म्हणून सांगून आल्या हुत्या."

"आलं-लसूण घिऊन आल्ती त्या दिवशी," अण्णा म्हणाला. त्याला तो दिवस आठवत होता. "आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुमच्या मामांकडं जाऊन येतो म्हणून."

तो एकेक विचारत गेला. काय खाल्लं होतं, रडली का, बसायला जागा मिळाली का, परत जाताना कुणी बसमध्ये बसवलं का. चौकशीचा मक्ता आमच्या घरात माझ्याकडे आहे असं मला वाटायचं. त्रिशला प्रत्येकाचं उत्तर देत होती, काही लपवत नव्हती. रडल्या, म्हणाली. थोडं. मग पाणी मागितलं. मी स्वतः थांब्यापर्यंत सोडायला गेलो, असं म्हणाली.

शेवटी अण्णानं विचारलं, "रिपोर्ट घरी का न्हाय आणला? कुठं बी टाकला असता. मला काय वाचता येतंय त्यातलं."

त्रिशला काउंटरच्या अगदी जवळ गेली आणि नीट, मोठ्यानं बोलली, शेजारच्या दुकानदारालाही ऐकू जाईल असं.

"मी तेच म्हटलं त्यांना. घरी न्या, लपवून ठेवा कुठंतरी. तर म्हटल्या, 'घरात जागाच न्हाय लपवायला. शिवा रोज रात्री माझी पिशवी बघतोय, औषधाच्या गोळ्या मोजतोय, घेतल्या का न्हाय म्हणून. उशी उचलून झटकतोय. त्येच्यापासनं लपवायचं तर त्ये घराबाहेरच ठेवाय पायजे. त्येला कळलं तर दुकानाला कुलूप लावंल आणि माझ्या उशाला बसंल. माझ्यानं त्येचं तोंड बघवायचं न्हाय.' दुखलेलं कळू नये म्हणून त्या तुम्ही दुकानात गेल्यावर दुपारी झोपायच्या, आणि तुम्ही यायच्या आधी उठून बसायच्या."

अण्णाचे दोन्ही हात काउंटरवर होते. त्यातला एक हळूहळू तोंडावर गेला. एक गिऱ्हाईक पायरीवर येऊन उभं राहिलं, आत बघितलं आणि काही न मागता परत गेलं.

"मी बघायचो, हे तिला माहीत हुतं?" त्यानं विचारलं.

"व्हय. सगळं माहीत हुतं."

अण्णा माझ्याकडे वळला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि चेहरा शाळेत पास झालेल्या पोराचा.

"अंजे," तो म्हणाला, "ऐकलंस का गं?"

"ऐकलं," मी म्हणाले.